सही न घेतलेलं जर्नल

सुरुवातीलाच माफी मागतो. स्वतःबद्दल लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, तेही इथल्याच, ठाण्यातल्या कॉलेजात, बी.एस्सी.ला. पण एक सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. ती कशी मोडते हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढ्यासाठी लिहितोय.

सवय अशी की काम पूर्ण करायचं आणि दाखवायचं नाही.

पहिल्या वर्षी फिजिक्सचं जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, मी पूर्ण लिहिलं. आकृत्या पेन्सिलीने, ग्राफ नीट चिकटवलेले. त्यावर सरांची सही झाल्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. सहीसाठी मी स्टाफरूमपर्यंत गेलो, दाराबाहेर चपला काढल्या आणि आत पाय टाकला. आत बसलेल्या एक मॅडम हसून म्हणाल्या, "अरे, देऊळ आहे का हे?" वाईट हेतूने नाही म्हणाल्या. पण मागे रांगेतली मुलंही हसली.

चपला मी विचार करून काढल्या नव्हत्या. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात टर्नर आहेत, लेथ मशीनवर धातूचे भाग कापून घडवतात. शेठच्या केबिनबाहेर ते चपला काढतात, मग आत जातात. लहानपणी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गेलेलो, तेव्हा मीही काढल्या होत्या. मोठ्या माणसाच्या खोलीत असंच जायचं, हे मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी "नंतर येतो" म्हणून फिरलो आणि नंतर गेलोच नाही. परीक्षा हुकली, केटी लागली. राहिलेला विषय पुढच्या वर्षात ओढत नेणं, त्याला आमच्याकडे केटी म्हणतात. सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा सही घेतली नाही. कारणं मिळत गेली. सर घाईत आहेत, आज गर्दी आहे, एखादा ग्राफ चुकला असेल. खरं कारण एकच होतं. मी या कॉलेजात चुकून आलेला मुलगा आहे असं आत पक्कं बसलं होतं, आणि सरांनी वही उघडली की ते त्यांच्या लक्षात येईल अशी भीती होती. वही दाखवलीच नाही तर निदान नापास व्हायचं कारण माझ्या हातात राहायचं.

माझी लॅब पार्टनर बाळकुमची. तिच्या आजोबांची शेती होती तिथे आता टॉवर आहे आणि ते त्यातच राहतात. ती एकदा चिडली. तुझा ग्राफ बघून मी माझा काढला, माझी सही होऊन वर्ष झालं, आणि तू ओरिजिनल घेऊन फिरतोयस, म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकच संधी उरली. केटी निघाली नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. त्याच आठवड्यात शनिवारी बाबा डबा घरी विसरले आणि मी तो घेऊन वर्कशॉपात गेलो.

बाबांनी नुकताच एक जॉब मशीनवरून उतरवला होता. पितळेचा बुश, म्हणजे आतून पोकळ नळकांडं, अंगठ्याएवढा. चिंधीने पुसून ते तो तपासणीच्या टेबलाशी घेऊन गेले. तपासणारा डिप्लोमा झालेला, वयाने बाबांच्या निम्मा. त्याने मापाचा गेज लावून पाहिलं आणि मान हलवली. "काका, आतून जास्त कापलाय. रिजेक्ट." बाबा बरं म्हणाले, बुश लाल डब्यात टाकला आणि नवा तुकडा मशीनवर बांधला.

हे माझ्यासमोर झालं याची मलाच लाज वाटली. जेवताना विचारलं, वाईट नाही वाटलं का.

"जॉब रिजेक्ट झाला. मी कुठे झालो?" भाकरी मोडत ते म्हणाले. "न दाखवता लपवला असता, तर मात्र मला टर्नर म्हणायला नको."

मग मी त्यांना जर्नलचं सांगितलं. केटी लागल्याचं त्यांना माहीत होतं, ती का लागली ते नव्हतं. सही कशाची, कोण करतं, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले की हे तर इन्स्पेक्शनच झालं, मग वही द्यायला काय होतं? मी म्हटलं, आपल्यासारख्यांना तिथे जमत नाही.

"आपल्यासारखे म्हणजे कसे रे?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी ज्यांना 'आपल्यासारखे' म्हणत होतो त्यातला पहिला माणूस समोर बसून जेवत होता, आणि त्याला आपलं काम दाखवायची भीती नव्हती.

त्याआधी मी स्वतःला कितीतरी शपथा घातल्या होत्या. पण शपथ घेणारा तोच चुकून आलेला मुलगा असायचा, म्हणून ती टिकायची नाही. या वेळी शपथ घेतली नाही. मी विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थी काम करून दाखवतो, एवढंच धरलं. काम बरोबर आहे का, ते गेज लावणारा बघेल.

सोमवारी स्टाफरूमबाहेर डावी चप्पल काढून झाली, तेव्हा लक्षात आलं. परत घातली. बाबा शेठच्या केबिनबाहेर अजून काढतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. सरांनी पानं उलटली आणि एका ग्राफवर लाल गोल केला. स्केल चुकलंय, परत काढून आण, म्हणाले. पार्टनरने उतरवलेला तोच ग्राफ. तिचा सरांच्या नजरेतून सुटला होता. मी घरी पळालो नाही. जिन्यात बसून ग्राफ पुन्हा काढला, तासाभरात परत गेलो. सही झाली.

परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा माझा राखून ठेवलेला. पूर्वी 'वाटलंच होतं' म्हणून घरी गेलो असतो. या वेळी ऑफिसच्या खिडकीशी गेलो. आतल्या काकांनी मार्क यायचेत, पुढच्या आठवड्यात ये, म्हणून सांगितलं. गेलो. पुन्हा तेच. घरी बाबा रोज विचारायचे, इन्स्पेक्शनचं काय झालं. चौथ्या खेपेला मला बघूनच काकांनी कागद पुढे ओढला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"निघाली रे तुझी केटी. काठावर, पण निघाली."