तिसऱ्या लेकीच्या बापाचे नाव

साठी उलटल्यावर लेखणी हाती धरते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या दुपारी मी तिथे होते, एवढे खरे.

पतीच्या हवाई दलातील शेवटच्या बदलीनंतर आम्ही चंदीगडच्या मनीमाजऱ्यातच राहिलो. आमच्याकडे कामाला येणारी बाई अकोल्याकडची, बौद्ध. अल्पसंख्याक मुलांसाठीची शिष्यवृत्ती तिच्या थोरल्या दोघांना मिळत होती. धाकटी नववीत गेली, तेव्हा कळले की एका घरातल्या दोघांनाच ती मिळते. या मुलीची शाळा सुटणार आणि ती आईबरोबर भांडी घासणार, हे जवळजवळ ठरलेच होते. म्हणून आम्ही तिघी शिष्यवृत्तीच्या कचेरीत गेलो.

कारकून स्वभावाने वाईट नव्हता. "रूल है जी, मैं क्या करूँ?" म्हणाला. मग आवाज उतरवून त्याने उपाय सुचवला. "देवर है ना? बाप की जगह उसका नाम लिखवा दो, घर अलग हो जाएगा. नाम ही तो है आंटीजी, किडनी थोड़ी माँग रहा हूँ!"

शेजारच्या टेबलावर हशा पिकला. आमच्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचे नाव लागते आणि ते तिच्याबरोबरच पुकारले जाते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मुलीची आई मराठीतच कडाडली, "ताई, सांगा याले! हिचा बाप जिता हाये, सेक्टरातल्या कोठ्या-बंगले रंगवते. हिच्या नावात त्याचंच नाव राहीन!"

एरवी आईच्या मराठीलाही हिंदीत पुटपुटणारी मुलगी पुढे सरकली. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव, सारे तिने एका दमात ठणकावले. "यही लिखो, अंकल."

कोणत्याही टेबलासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. अर्ज पुढे सारून इतकेच म्हणाले, "रिजेक्ट कर दीजिए. पर लिखकर दीजिए कि यह तीसरी पैदा हुई, इसलिए."

त्याने तसे लिहिले नाही. अर्ज ठेवून घेतला; तो अजून तिथेच पडून आहे. आईने आणखी एका घरचे काम धरले, मुलगी भावाचे ढगळ बूट घालून शाळेत जाते. मी मदत देऊ केली, तर आई म्हणाली, "तुमचं नोको ताई, तिच्या हक्काचं पायजे." तेव्हापासून आम्ही तिघी अधूनमधून जाऊन त्या टेबलासमोर उभ्या राहतो, आणि राहणार आहोत.

तुमच्या घरी तीन मुले असती, तर तुम्ही त्यांतले कोणते वगळले असते?