पट्ट्यांचं शीड आणि वहिनींची अळूवडी

मंडळी, आमचा मित्र आणि वहिनी दोघंच नौकेने रत्नागिरीला निघणार आहेत. प्रश्न शिडाचा होता. डोलकाठीच्या पोटात गुंडाळलं जाणारं शीड आत उभ्या ताठ पट्ट्या शिवलेलं असलं, तर वारा छान धरतं. पण भर समुद्रात गुंडाळताना पट्टी अडकली तर?

आज अर्नाळ्यासमोर उसन्या शिडावर परीक्षा झाली. वारा चढताच शीड गुंडाळायला मी दोरी खेचली आणि पट्टी डोलकाठीच्या फटीत अडकली. नौका कलली. मी संस्कृतात देव आठवू लागलो.

“भाऊजी, स्तोत्र नंतर! अळूवडी वळताना टोक ढिलं सोडतात का?” म्हणत वहिनींनी शीड थोडं उलगडून टोक ताणून धरलं. मित्राने सावकाश गुंडाळलं, तसं ते निमूट आत गेलं.

पट्ट्यांचंच शीड ठरलं. किनाऱ्यावर स्तोत्र पूर्ण केलं; पहिला नमस्कार अर्थात वहिनींना. तुमचं टोक कोण धरून असतं हो?