भरतीच्या वेळची पाहणी

नदीला पूर आला की आमच्या गावाची खालची आळी पाण्यात जाते. माझं घर वरच्या आळीत, पण धाकटी जाऊ खाली राहते. एका पावसाळ्यात तिच्या घरात खिडकीपर्यंत पाणी चढलं, तांदळाचे डबे ओटीवर तरंगत आले. त्यामुळे नदीतला गाळ काढून दोन्ही काठांना दगडी भिंत बांधायची योजना आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

मंजुरीआधी जनसुनावणी होणार होती. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता. शाळेत भूगोल शिकवायची नोकरी संपून मला वर्ष झालं होतं, वेळच वेळ होता. मी तिथल्याच बाकावर बसून तो वाचायला घेतला आणि एका वाक्याशी अडले. ‘प्रकल्पक्षेत्रात उपजीविकेसाठी मासेमारी आढळली नाही.’

आमची नदी गावापाशीच खाडीला मिळते, आणि माझी जाऊ त्याच काठावरून रोज खाडीच्या चिखलात उतरते. निवट्या, चिंबोऱ्या, कधी कालवं काढते आणि उरणच्या बाजारात नेऊन विकते. तिच्याबरोबर गावातल्या पंधराएक बायका असतात. भिंत झाली की त्यांची उतरायची वाटच बंद होणार होती.

संध्याकाळी ते वाक्य मी तिला वाचून दाखवलं.

“मंग मी रोज खाडीन काय नाचाला जातंय?” ती हसली, आणि हसता हसता थांबली. “बाय, यांना असं कोनी सांगितलं असल?”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहणीची तारीख शोधली. एकच दिवस, सकाळी साडेदहा ते दुपारी दीड. घरी येऊन कॅलेंडर उलटवलं. अमावस्या! अमावस्येला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते. चिखल पाण्याखाली आणि बायका आपापल्या घरी. दिवस मुद्दाम निवडलाय, अशी माझी खात्रीच झाली.

मग मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. ग्रामसेवक “बाई, आज पुन्हा?” म्हणाला, त्यातही मला काहीतरी दिसलं. अहवालातल्या फोटोतला पूल आपला नाहीच, असं मी दोन दिवस धरून बसले होते. शेवटी पलीकडच्या काठावर जाऊन पाहिलं. पूल आपलाच होता.

खालच्या आळीतल्या किराणा दुकानदाराने एकदा मला थांबवलं. “बाई, तुमचं घर वर. पाणी आमच्या घरात शिरतं. आता कुठे काम होतंय तर तुम्ही खोडा घालताय. कोणाच्या सांगण्यावरून?”

“कोणाच्याही नाही,” मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही. त्याच्या जागी मी असते, तर मलाही पटलं नसतं.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मी भरती-ओहोटीचं सगळं नीट मांडलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली, “नोंद घेतली” म्हणाले. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं. त्यात ग्रामस्थांनी योजनेचं स्वागत केलं होतं आणि ‘काही शंका उपस्थित झाल्या’ होत्या. बस्स.

मी उभी राहिले. “कुठल्या शंका, तेही लिहा.”

“बाई, आशय आलेला आहे.”

तेवढ्यात मागून जावेचा आवाज आला. ती अशी चारचौघांत कधी बोलत नाही. “साहेब, आशय ऱ्हाऊ द्या. ओहोटीला पंधरा बायका चिखलान उतरतान, येवरं लिवा.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मी ते पुन्हा वाचून दाखवायला लावलं आणि मगच खाली बसले.

काही महिन्यांनी कळलं, मंजुरी देणाऱ्या समितीने ओहोटीच्या वेळी दुसरी पाहणी करायला सांगितलंय. गमबूट घातलेली एक तरुण मुलगी आली. पहिली पाहणीही तिनेच केली होती. मी सरळ विचारलं, “अमावस्या मुद्दाम निवडलीत?”

ती गोंधळली. “मॅडम, होडी पुलापर्यंत भरतीलाच जाते. होडीवाल्याने वेळ दिली, आम्ही आलो.”

“आणि मासेमारीचं कोणाला विचारलंत?”

“पंचायतीत. ते म्हणाले, इथे मासेमारीच्या होड्या नाहीत.”

होड्या खरंच नव्हत्या. पायी चिखलात जाणाऱ्या बायका कोणी मासेमारीत धरल्याच नव्हत्या. मला थोडी लाज वाटली, पण पूर्ण समाधान झालं नाही. जाऊ तिला चिखलात घेऊन गेली. पोरीचा गमबूट रुतला, जावेने तिला दंडाला धरून ओढून काढलं, आणि पोरीने तिथेच उभं राहून एकेका बाईचं नाव लिहून घेतलं.

मंजुरी आली ती अटी घालूनच. पुलाखालची तिवरांची झाडं तोडायची नाहीत, आणि भिंतीत तीन ठिकाणी उतरायला पायऱ्या ठेवायच्या. दुकानदार माझ्याशी पुन्हा बोलू लागला, जरा जपूनच.

या हिवाळ्यात काम सुरू झालं. परवा मुकादमाला पायऱ्यांचं विचारलं. “नकाशात दोनच ठिकाणं हायेत,” तो म्हणाला. तिसरं पुढच्या टप्प्यात असेल म्हणे. पुढचा टप्पा कोणता, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी नकाशाची प्रत मागितली. उद्या आणतो म्हणाला. मी आजही काठावर जाऊन उभी राहिले, मला पाहताच तो पलीकडच्या बाजूला निघून गेला.