मामाच्या शेतातली माती

त्या वर्षी आमच्या गच्चीवर तीन विषयांचं संशोधन एकाच उन्हात वाळत होतं. एका कोपऱ्यात बायकोची कडुलिंबाची पानं, ज्यांच्यातून ती कसलासा अर्क काढते. दुसऱ्या कोपऱ्यात तिच्या विद्यार्थिनीची माती, जुन्या तमिळ वर्तमानपत्रांवर पातळ पसरलेली. टाकीच्या सावलीत माझ्या हस्तलिखितांच्या छायाप्रती, ज्या मी स्कूटरच्या डिकीत ठेवून पावसात भिजवल्या होत्या. मधली सगळी मोकळी जागा आईच्या वडामांची. तांदळाच्या पिठाचे हे पापडासारखे तळणीचे तुकडे वाळले की घरातलं खरं काम झालं, बाकीचे आम्ही उन्हात उगाच पसारा मांडतो, असं तिचं मत होतं आणि ते ती दिवसातून दोनदा मांडत असे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून सगळं घरी आलं होतं. बायको रसायनशास्त्र शिकवते. मी मराठीचा. तंजावुरात आमच्या लोकांना मराठी बोलता येतं, पण वाचतात सगळे तमिळ. मी नागरी लिपी शिकलो ती चोविसाव्या वर्षी, हस्तलिखितांच्या नादाने, पहिलीचं पुस्तक समोर ठेवून. उशिरा शिकलेल्याला जरा जास्तच चढते, तशी मला चढली होती. एका जुन्या मराठी नाटकाच्या चार प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या आणि मूळच्या ओळी कोणत्या, नंतर कुणी घुसडलेल्या कोणत्या, ते शोधायचं, हे माझं काम. किड्यानं खाल्लेल्या जागी पदरच्या चार ओळी लिहून पान भरून टाकणाऱ्या नकलकारांवर माझा विशेष राग. ‘नाही कळलं तर कोरं सोडावं, भरू नये,’ हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हणालो आहे की मुलं ते माझ्याआधी पूर्ण करतात.

बायकोची विद्यार्थिनी कावेरीकाठच्या एका खेड्यातली. बारीक अंगाची, कमी बोलणारी, आईला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणणारी. तिचा प्रबंध शेतीचा होता आणि प्रश्न मला सुद्धा कळेल इतका साधा. ओरत्तनाडूजवळ आईच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाचं, लाल मातीचं शेत आहे. मामा दर उन्हाळ्यात, कापणी झाल्यावर, रानात मेंढरं बसवतो. धनगर लांबून रामनाडच्या बाजूने कळप घेऊन येतात, काही रात्री मेंढरं शेतात बसतात आणि त्यांच्या लेंड्यामुताचं खत जमिनीला मिळतं. बांधापलीकडचा शेतकरी नुसती गोणीतली खतं घालतो. माती एक, कालवा एक, भात एक. मग दोन्ही जमिनींत काही फरक आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

मामाला या मुलीचं फार कौतुक वाटलं. त्याची मुलं कोइंबतूरला असतात आणि मेंढरांची कटकट कशाला म्हणून त्याला दर फोनवर ऐकवतात. गावातले त्याची थट्टा करतात. आजवर जी शिकलेली माणसं त्याच्या बांधावर आली ती त्याला सांगायला आली. विचारायला आलेली ही पहिली. तिनं शेतात पंधरा ठिकाणी खड्डे घेतले, सगळी माती एकत्र केली, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेलं पुन्हा मिसळलं, पुन्हा दोन भाग टाकले. असं करत करत शेवटी सगळ्या शेताची मिळून अर्धा किलो माती राहिली. शेजारच्या शेताचीही तशीच अर्धा किलो. मामा हे सगळं छत्री धरून उभ्यानं बघत होता. त्यानंतर आईला फोन केला की तो आधी विचारायचा, माती काय म्हणाली.

माती वाळली, कुटली गेली, चाळली गेली आणि दोन पाकिटांत भरून जिन्यावरच्या खोलीत जाऊन बसली.

मग आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ, लागला. आडीतल्या शुक्रवारी आमच्या गल्लीत दारासमोरच्या कोलमांची, म्हणजे रांगोळ्यांची, चढाओढ असते. तांदळाच्या पिठीचं कोलम घालून त्याला कावेची लाल किनार देतात. किनारीशिवाय कोलम म्हणजे आईच्या लेखी काठाविना साडी. त्या सकाळी तिची काव संपली होती. दुकान उघडलं नव्हतं, समोरच्या बाईचं कोलम अर्धं होत आलं होतं, आणि मी नाटकाच्या तिसऱ्या अंकात बुडालेला असताना आई खालून हाका मारत होती की कोठून तरी थोडी तांबडी माती आणून दे.

मी जिन्यावरच्या खोलीत गेलो. समोर अशी सुरेख, मैद्यासारखी चाळलेली लाल माती, आणि मला वाटलं, मातीच ती. माझ्या छायाप्रतीचा एक चतकोर कुणी चण्याचं सुंडल बांधायला घेतला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण माती ती मातीच. मामाच्या पाकिटातली ओंजळी भरून मी भांड्यात काढली. एक, दोन, तीन. तिसऱ्या ओंजळीला पाकीट निम्म्याच्या खाली गेलं, तेव्हा कुठे मी थांबलो. मग मी जे केलं ते आजही लिहिताना कान तापतात. शेजारच्या शेताच्या पाकिटातून माती घेतली आणि मामाच्या पाकिटात भरली. दोन्ही पाकिटं सारखी दिसेपर्यंत भरली. रंगात उन्नीस-बीसचा फरक होता, तो मी पाकीट हलवून मिसळून टाकला.

आईची किनार त्या दिवशी गल्लीत सर्वांत सुरेख होती. तिनं दोनदा विचारलं की ही माती कोठली, पुढच्या शुक्रवारी अजून आण. मी संपली म्हणालो.

दिवाळीनंतर प्रयोगशाळेचं छत झालं आणि त्या विद्यार्थिनीनं तपासण्या सुरू केल्या. निकाल असा आला की दोन शेतांत सांगण्यासारखा फरकच नाही. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. आमच्या घरी येऊन वह्या पसरून बसली, आणि बायकोनं तिला बरंच सुनावलं. चमचा पुसत नसशील, चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असशील, हात स्थिर नाही तुझा. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. मी बाजूच्या खोलीत होतो. दार उघडं होतं. मी पान उलटलं.

तेव्हा मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मला सगळं कळत होतं. दोन मूठ मातीनं काय होतंय, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि मूठ आणि ओंजळ यातला फरक तेवढा विसरत होतो. मामाला निकाल बायकोनंच फोनवर सांगितला, जितका हळुवारपणे सांगता येईल तितका. तो बरं म्हणाला आणि जेवणं झाली का ते विचारलं.

पोंगल झाला. एका दुपारी आई शेंगा निवडता निवडता सहज बोलली की तिच्या भावानं धनगरांना निरोप धाडला आहे, यंदा येऊ नका. मेंढरानं काही होत नाही हें सिद्ध झालें, असं तो म्हणाला म्हणे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याच्या रानात मेंढरं बसणार नव्हती. आईनं शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. ते तसंच ठेवून मी उठलो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. किती, एवढंच विचारलं. मी ओंजळ करून दाखवली आणि तीन म्हणालो. ती माझ्यावर ओरडेल याची मी तयारी केली होती, पण ती ओरडली नाही. त्या मुलीला मी काय काय बोलले, असं म्हणून ती पाटावर बसली. आईला कळलं तेव्हा ती लगेच पुढे झाली, मी मागटलों म्हणून त्याणें दिला, माझ्यावर घाला. आई माझी अशी आहे. पण पाकिटात दुसरी माती भरणं तिनं मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला घरी बोलावलं. मी तिच्यासमोर उभं राहून तमिळमध्ये सांगितलं, खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. ती ऐकता ऐकता वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत होती, कुठली माती किती मिसळली असेल याचा हिशेब. तो जमून आला असावा, कारण तिनं वर पाहिलं आणि डोळे भरून म्हणाली, म्हणजे माझा हात चुकला नव्हता. तिचं एक वर्ष मी वाया घालवलं होतं आणि तिच्या तोंडी आधी हे आलं. मला ती मुलगी त्या क्षणी पोटच्या पोरीसारखी वाटली, आणि तसं वाटण्याचा मला अधिकार नव्हता हेही कळलं.

पुढचा रस्ता तिनंच सांगितला. शेतात नुकतीच कापणी झाली आहे. गेल्या वेळचं खत मधल्या पिकानं ओढून घेतलं आहे, म्हणून आता एकदा माती घ्यायची, मेंढरं बसून गेल्यावर पुन्हा घ्यायची. प्रबंध लांबेल, पण उभा राहील. मात्र मेंढरं यायला हवीत. ती आली नाहीत तर पुढच्या वर्षापर्यंत काही नाही, आणि तितकी मुदत तिच्याकडे उरली नव्हती.

ती मुलगी आणि मी बसनं ओरत्तनाडूला गेलो. मामा ओसरीवर बसला होता. माझ्याबरोबर मुलीला पाहून तो उठला, मामीला कॉफी ठेवायला सांगितली, आणि मला म्हणाला की वाळला आहेस. कॉफी येण्याआधी बोलून टाकायला हवं होतं.

“मामा,” मी म्हटलं, “तुमची माती मी काढलों. अम्माला कोलमाला दिलों. मग शेजारच्याची माती घेऊन तुमचं पाकीट भरलों. परीक्षा झाली ती तुमच्या मातीची नव्हे.”

मामानं सगळं नीट ऐकलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं, पाकिटाचं. मग तो खांबाला टेकून, समोरच्या रानाकडे तोंड करून बसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

“पन्नास वरीस हें शेत मला सांगत होतें,” तो म्हणाला. “गांवांतले अस्के हसले तरी मी शेताचें ऐकलों. तुझ्या घरांतून आलें म्हणून मी शेताला खोटें धरलों.”

माझ्या साऱ्या आयुष्यात मी जुन्या नकलकारांना शिव्या दिल्या, पण त्यांच्या घुसडलेल्या ओळीवर विश्वास ठेवून कुणी माणूस असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मामी कॉफी घेऊन आली आणि आम्ही ती गरम गरम प्यालो.

मग मामानं फोन काढला. धनगरांचा म्होरक्या आधी तयार नव्हता. त्यांनी दुसरीकडे शब्द दिला होता. मामा त्याच्याशी तमिळमध्ये बराच वेळ बोलला, एकदा हसलाही. अखेर ठरलं की दरवर्षीपेक्षा कमी दिवस, पण येतील. मुलीनं ते तिथेच वहीत लिहून घेतलं. चूक कुणाची हे मामानं त्याला सांगितलं नाही. आपलीच बुद्धी फिरली होती, एवढंच म्हणाला.

मामानं मला फावडं दिलं. पंधरा खड्डे मीच घेतले, मुलगी दाखवील तिथे, ती म्हणेल तितके खोल. पन्नाशी उलटलेल्या साहित्याच्या माणसाचं फावडं कसं चालतं ते बघायला शेजारचा शेतकरीही बांधावर येऊन उभा राहिला. ढीग झाला, चार भाग झाले, दोन टाकले, असं करत अर्धा किलो उरलं. मामानं स्वतः पाकिटाला दोरी बांधली, गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली. मी हात पुढे केला. त्यानं माझ्या हाताला वळसा घालून पाकीट मुलीला दिलं. निघताना मला मात्र केळ्यांचा घड दिला, आणि नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या बसला गर्दी होती. मला बसायला जागा मिळाली, मुलगी दांड्याला धरून उभी राहिली, एका हातात पिशवी, खांद्याला वह्यांचं ओझं. मी उठायला लागलो तर तिनं उठू दिलं नाही. पुढच्या थांब्यावर माणसं आणखी चढली तेव्हा तिनं पिशवीतून ते दोन गाठींचं पाकीट काढलं. चेंगरेल म्हणाली, आणि सहज, जसं घरातल्या कुणाला सांगावं तसं, म्हणाली, “सर, इदै कोंजम वच्चुक्कोंग.” जरा हे ठेवा.

मी ते दोन्ही हातांनी मांडीवर धरलं. केळ्यांचा घड पायांशी पडला तो पडू दिला.