बेशरमाच्या झुडपांकडचा कोपरा

"मांगं पाह्य बरं बाबू, कोनी येऊन तं नाई राह्यलं?"

गाडी बडनेऱ्याच्या बाहेर पडली की भाऊंचं हे सुरू व्हायचं. मी मागे बसलेला. मान वळवून पाहायचो, तर एखादा दूधवाला नाहीतर एखादं कुत्रं. "कोणी नाही भाऊ," म्हटलं तरी त्यांना पटत नसे. गाडी भलत्याच रस्त्याला घालायची, पानटपरीपाशी थांबून सुपारी-तंबाखूचा खर्रा घ्यायचा, पाच मिनिटं रस्त्याकडे डोळे लावून बसायचं आणि मग उलटं फिरायचं. एकदा तर मला पार वलगावपर्यंत नेऊन परत आणलं! वीस मिनिटांवरच्या तळ्याला आम्हाला तास लागायचा. त्या तळ्याचं नाव मी तुम्हालाही सांगणार नाही. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

भाऊंचं मोटर वाइंडिंगचं दुकान माझ्या घरासमोर होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी यायच्या आणि भाऊ त्यांत नवी तांब्याची तार भरून द्यायचे. मी रेल्वेत क्लार्क, म्हणून त्यांचा 'बाबू'. मासे धरायचा रॉड ते कधी उघड्यावर नेत नसत. पाण्याच्या पाइपात घालून तो पाइप गाडीला बांधायचे. कोणी विचारलंच, तर "मोटर जळली ना बावा एकाची," असं तोंड पाडून सांगायचे. चहावाल्यानं एकदा सहज विचारलं, "किती भेटले भाऊ?" त्या दिवसापासून तिथला चहा बंद. "त्याले काहून पायजे?" असं ते मलाच दरडावून विचारत होते.

असा माणूस साऱ्या बडनेऱ्यात फक्त मला सोबत नेत असे. मला याचा भलताच मान वाटायचा.

हाताला मात्र त्यांच्या तोड नव्हती. जुन्या हवाई चपलेच्या रबरातून ते बेडूक कोरायचे. पाठीला दोन गळ, मागे सायकलच्या ट्यूबचे पाय, वरून हिरवा रंग. गुडघाभर पाण्यात, शेवाळाच्या कडेला हा बेडूक टाकायचा आणि टिचक्या देत पाण्यावरून नाचवत आणायचा. खालून मरळ येते आणि अशी झडप घालते की पाणी फुटतं. "लय शक्की जात हाय बाबू. आधी मांगं-मांगं येते, पाह्यते, मंग तोंड घालते. तिनं घेतला की लगेच वढू नको. तीन मोज."

मला कधी तीन मोजता आले नाहीत. पाणी फुटलं की मी घाबरून ओढायचो. एकदा तो बेडूक उलटा उडत आला आणि माझ्याच टोपीत रुतला. भाऊ इतके हसले की पाण्यातच बसले. "धरला! बाबूनं बाबू धरला!"

तळ्याच्या एका कोपऱ्यात बेशरमाची झुडपं होती. श्रावण लागला आणि भाऊ मला तिकडे बेडूक टाकू देईनात. "तिकडं नाई. गाळ हाय तिकडं." आणि स्वतः मात्र जायचे! रॉड खाली ठेवून तिथे उकिडवे बसायचे, पाण्याकडे पाहायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. आता सांगा, तुम्हाला शंका आली नसती? मला तर झोप लागेना. मोठी मरळ तिथे असणार, मला टाळून हा माणूस एकटा येऊन ती काढणार. चार वर्षं याच्या मागे बसून मान मोडून घेतली, आणि हा मलाच फसवतोय! दुकानाला कुलूप दिसलं की मी मनातल्या मनात त्यांना तळ्यावर पाहायचो.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी भाऊ लेकीकडे अकोल्याला गेले. मी रॉड घेऊन सरळ तळं गाठलं.

कोपऱ्यात गाळबीळ काही नव्हता. पाण्यावर ताटाएवढा लालसर डाग होता आणि तो बारीक बारीक उकळत होता. पिल्लं होती, काडीएवढी, शेकड्यानं. मी बेडूक त्यांच्या पलीकडे टाकला आणि वरून ओढत आणला. पाणी फुटलं. त्या दिवशी मला तीन मोजता आले.

हातभर मरळ. घरी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन मोबाइलवर फोटो दाखवला. खरं सांगतो, जिरवायलाच गेलो होतो.

भाऊंनी तार खाली ठेवली. "कुठं भेटली?"

"बांधाकडे," मी म्हणालो.

"पिल्लं होते ना तिच्यापाशी?"

मी मोबाइल खिशात घातला.

"भुकेनं नाई धावली ते तुह्या बेडकावर. पिल्लांपायी धावली." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "मी पहारा देऊन राह्यलो होतो बाबू. अजून पंधरा दिवस निघाले असते तं सुटले असते पिल्लं."

"मग मला सांगायचं ना भाऊ!"

"सांगतलं असतं तं थांबला असता काय तू?"

"थांबलो असतो," मी म्हणालो. ते माझं मलाच पटलं नाही.

त्यांनी दुकान ओढून घेतलं आणि आम्ही तळ्यावर गेलो. लाल डाग विस्कटला होता. झुडपांवर पाच-सहा बगळे बसले होते, एकेक खाली उतरून चोच मारत होता. भाऊ पॅन्ट वर करून पाण्यात शिरले आणि दोन्ही हात हलवत बगळे हाकलू लागले. इकडचे उडाले की तिकडे बसायचे. मला फार लाज वाटली. मीही चपला काढल्या.

"तू नको येऊ," भाऊ म्हणाले.

अंधार पडेपर्यंत मी काठावर बसून राहिलो.

भांडण झालं नाही. समोरासमोर राहत होतो, बोलत होतो. फक्त गाडीवर मागे बसायला त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. पुढे दुकान विकून ते लेकीजवळ अकोल्याला गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

गेल्या वर्षी कामानं अकोल्याला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. म्हणाल्या, "सकाळीच कुठं गेले, कोनाले मालूम! मले तरी कुठं सांगतात?" तेवढ्यात भाऊ आले. मला पाहून मनापासून हसले, खांद्यावर हात ठेवला, पोराबाळांची चौकशी केली. त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि पायाला शेवाळ चिकटलं होतं. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"नळ फुटला होता गा रस्त्यावर," ते म्हणाले.



"झाला का दुरुस्त?" मी विचारलं.

"झाला," भाऊ म्हणाले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.