दक्षिणेची भिंत

माझ्या मायला आसगावात 'भिंतफोडी देवका' म्हणतात. म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! पण तिनं भिंत का फोडली, हे त्यांतला एकही जण सांगत नाही. म्हणून मी, तिची लेक रुखमा, सांगते.

बहात्तर साली माझ्या आज्यानं, यादोरावानं, घर नवं बांधलं. धानाची शेती चांगली, चारचौघांत मान, आणि देवानं सगळी अक्कल आपल्यालाच दिली असा पक्का समज. दारं कुठं ठेवायची हे ओसरीत बसून पुरुषांनी ठरवलं. त्या घरात दिवसभर राबणारी बाई आतच होती, तिला कोणी विचारलं नाही. समोर ओसरी, मग देवाची मधली खोली, मागे सयपाकखोली आणि तिला लागून एक अंधारी खोली. बाहेर जायचं दार एकच, पूर्वेचं. आतली दारंही एकासमोर एक नाहीत; एक डाव्या कोपऱ्यात, तर पुढचं उजव्या. दारासमोर दार आलं तर लक्ष्मी सरळ निघून जाते म्हणे. का, लक्ष्मीला वळता येत नाही?

उत्तरेला आणि पश्चिमेला शेजाऱ्यांच्या भिंती. मोकळी बाजू फक्त दक्षिणेची. अंधाऱ्या खोलीची भिंत ओलांडली की गावचा रस्ता. माय तेव्हाच सासऱ्याला म्हणाली होती, "मामाजी, इथं एक दार ठेवा ना."

"दक्षिणेले दार? यमाले आवतन देतं का?" आजा म्हणाला. सुतार टिकाराम फिदीफिदी हसला. माझा बाप, दादाजी, खाली बघत राहिला. ते काम त्याला फार छान जमायचं.

मग खरकट्या पाण्याची बादली घेऊन, डोक्यावर पदर ओढून, माय ओसरीतल्या पुरुषांसमोरून दिवसातून दहादा जायची. महिन्याच्या चार दिवसांची तर वेगळीच तऱ्हा. विटाळशीनं देवाच्या खोलीतून जायचं नाही, आणि दुसरी वाट नाही. म्हणून तिनं चार दिवस कोठ्यात राहायचं, बैलांशेजारी. थंडीतसुद्धा. मीही तिथं झोपले आहे, गोचीड झटकत. दर दिवाळीला घर सारवताना माय ते दार मागायची. नऊ वर्षं मागितलं, नऊ वर्षं तेच उत्तर मिळालं.

एक्क्याऐंशी साली मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. धान नुकतंच घरात आलं होतं. मधल्या खोलीत, दोन दारांच्या वाटेतच, धानाची मोठी बांबूची ढोली शिगोशीग भरून उभी. माझं अंथरूण अर्थातच अंधाऱ्या खोलीत. सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार उलटली आणि सुईण पार्वताबाईनं हात टेकले. "पोर पायाळू हाये. माह्या हातचं काम नाही. पवनीले दवाखान्यात न्या, लवकर."

बंडी जुंपली. ती भिंतीपलीकडच्या रस्त्यावरच उभी होती. बैलांच्या गळ्यातल्या घंटा मला उशाशी ऐकू येत होत्या. मला खाटेवर घालून चौघांनी उचललं. पहिल्या दारातून खाट कशीबशी सयपाकखोलीत निघाली, पण पुढच्या दारापलीकडं ढोली आडवी आली. खाट वळवायला जागा नव्हती. कोणीतरी म्हणालं, ढोली फोडा. आजा ओरडला, "घरची लक्ष्मी फोडता का रे?"

फोडली नाही. मला खाली उतरवलं आणि चालवलं. मायच्या गळ्यात हात टाकून मी देवाच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत आले, आणि तिथंच पोर झालं. मुलगा होता. तो रडला नाही.

मी शुद्धीवर होते. आज्यानं काय केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. तो माझ्याकडं आला नाही, पोराकडं आला नाही. "देवाची खोली बाटली" म्हणत गोमूत्राचा तांब्या घेऊन आला आणि शिंपडत सुटला. चार थेंब माझ्या पायांवरही पडले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मायनं सब्बल, लोखंडी पहार, उचलली आणि दक्षिणेच्या भिंतीवर घातली. मातीची भिंत, ढेकळं धडाधड रस्त्यावर पडू लागली. आजा धावत आला. "बाई, येडी झाली का? तिकडं यम ऱ्हायते!"

"मंग काल तो कोनत्या दारानं आला, मामाजी?" माय म्हणाली. "इकडं तं दारच नोहतं." आणि पुन्हा घाव घातला. सासऱ्याला उलट बोलायची तिची ती पहिलीच वेळ. बापानं मान वर केली, पण कामाला हात लावला नाही. दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. चौकट बसवायला टिकाराम आला नाही, तर मायनं पवनीहून दुसरा सुतार आणला. आजा रुसून अकरा दिवस पुतण्याकडं जेवला. मायनं त्याला बोलवायला कोणाला पाठवलं नाही.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. माझे मालक वरठीला कारखान्यात होते, आम्ही तिथंच राहत होतो. माय मला न्यायला आली. पाणीही न पिता सांगू लागली, "आता बंडी दारालेच लागते, रुखमा. खाट सरळ बाहेर जाते. मी रिकामी खाट घेऊन पायली."

"मी येत नाही," मी म्हणाले.

"काहून वं?"

इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "सब्बल त्या दिवशीही घरातच होती ना, माय? मी आत पडून होती, बंडी बाहेर उभी होती. मंग भित तवा काहून नाही फोडली?"

आणलेले लाडू माझ्यापुढं ठेवून माय उठली, आणि मी तिला स्टेशनपर्यंत पोचवायलाही गेले नाही.

खरं तर हे मी आज्याला विचारायला हवं होतं. तो पुढं पाच वर्षं जगला, दर सणाला मी त्याच्या पाया पडले, आणि त्याच्यासमोर माझी जीभ एकदाही उचलली नाही.