लाँचच्या पोटातला थेंब

मी आर्मी इंजिनिअर्समध्ये नायब सुभेदार होतो. आता रिटायर होऊन पहूरला घरी असतो. घरचे म्हणतात, या माणसाच्या पायाला भिंगरी आहे. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की मी कान टवकारतो. रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज बदलला तर चहा तसाच ठेवून उठतो. बायको म्हणते, "तो ट्रॅक्टर तुमचा आहे का?" नाही. पण बसवत नाही. ते का, हे एकदा सांगून टाकतो.

अर्धी नोकरी आसाम आणि काश्मीरमध्ये गेल्यावर एका पावसाळ्यात आमची तुकडी पूर-ड्युटीसाठी रावेर तालुक्यात आली. आपल्याच मुलुखात वर्दी घालून उतरण्याचा आनंद वेगळा असतो. पोरांना मी पहिल्याच दिवशी केळीचे वेफर्स खाऊ घातले. बरोबर हवालदार उत्तम होता. शिरपूरकडचा, बोट इंजिनांचा मेकॅनिक. ड्युटीवर मला 'साब' म्हणायचा, ड्युटी संपली की 'भाऊ'. त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही.

तापीला पूर चढत होता. आमच्या बोटी हलक्या, इंजिनं मागे टांगलेली. गाळाच्या पाण्यात ती सारखी बंद पडत होती. तेव्हा तहसीलच्या माणसानं नानांचं नाव सांगितलं. नाना केळीचे बागायतदार. त्यांनी कधीकाळी सरकारी लिलावात एक जुनी सागवानी लाँच घेतली होती. नदीपलीकडच्या मळ्यात मजूर न्यायला ती वापरत. तिचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं, वयानं उत्तमपेक्षा मोठं. नानांनी ते असं पुसून ठेवलं होतं की त्यात तोंड पाहून घ्यावं.

"अक्का म्हणते, पहिली बायको मी का ही लाँच?" नाना हसत म्हणाले. मग हसू गेलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, सकाळीच मजुरांबरोबर पलीकडे गेली होती. पाणी अचानक वाढलं आणि सगळे मळ्यातल्या पंपघराच्या गच्चीवर अडकले. बोलता बोलता अंधार पडला. अंधारात ती नदी ओलांडायची परवानगी नव्हती. उजाडताच निघायचं ठरलं.

त्या रात्रीच उत्तमनं लाँच तपासायला घेतली. त्याची पद्धत ठरलेली. आधी तळाची फळी उचलायची आणि नाक आत घालायचं. डिझेलचा वास, जळक्या रबराचा वास, सडक्या पाण्याचा वास, सगळं त्याला वेगळं कळायचं. मग हात लावायचा. त्यानं तेल पाहिलं, पट्टा दाबून पाहिला. इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी आत घेणारी जाळी गाळानं भरली होती, ती धुतली. पाण्याचा एक रबरी होज चिरलेला निघाला, तो बदलला. शेवटी इंजिन सुरू करून तो ग्लँडजवळ बसला.

ग्लँड म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाचा शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो. जिथून तो बाहेर पडतो तिथे ग्रीस लावलेली दोरी भरतात आणि नटानं दाबतात. म्हणजे नदी आत येत नाही. पण शाफ्ट फिरत असताना तिथून थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे. त्या पाण्यानंच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात.

नानांना ते बघवेना. "सायेब, हे तं गळू राह्यलं."

"नाना, गळू द्या," उत्तम म्हणाला. "शाफ्ट फिरस तवय थेंब पडाले जोयजे."

नानांनी मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं. आमच्याकडे विहिरीवरच्या पंपाचा ग्लँड गळायला लागला की शेतकरी पाना घेऊन उतरतो. गळका पंप ठेवणाऱ्याला गाव हसतं. नाना जन्मभर तेच करत आले होते.

उजाडलं तेव्हा वायरलेस आला. "वरच्या धरणाचे दरवाजे आणखी उघडले. गच्चीपर्यंत पाणी येईल. लगेच निघा. ओव्हर."

"रॉजर. निघालो."

नानांनी इंजिन आधीच सुरू करून ठेवलं होतं. मी, उत्तम, नाना आणि दोन जवान. दोर सोडला. नाना सुकाणूवर होते आणि त्यांची नजर पलीकडच्या गच्चीवरून हलत नव्हती. गच्चीवर कुणीतरी लाल लुगडं हलवत होतं.

मधल्या धारेत उत्तमनं एकदम मान वर केली. त्यानं वास घेतला आणि फळी उचलली. आतून धूर आला.

"साब, ग्लँड जळतोय. इंजिन बंद."

"बंद करा!" मी ओरडलो.

इंजिन थांबलं आणि लाँच वाहायला लागली. ग्लँडचा नट गच्च आवळलेला होता. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्याच आवळला रातच्याले," ते म्हणाले. "म्हनलं अक्काले आनाचंय, एक थेंब आत याले नको."

मला इतका राग आला की हात उचलला नाही एवढंच. उत्तमनं मात्र वर पाहिलंसुद्धा नाही. नट सैल करत तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना. आते पानी पिऊ द्या तिले."

पाणी आत आलं, शाफ्टवर चरचरलं. तेवढ्या वेळात आम्ही खाली वाहत बुडालेल्या केळीच्या बागेवर आलो होतो. नानांकडून सुकाणू मी घेतलं, इंजिन सुरू केलं, गिअर टाकला. एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. मागे वाकून पाहिलं तर पंख्याला ठिबकच्या काळ्या नळ्यांचा गुंता बसलेला. अख्ख्या बागेची ठिबक तिथे येऊन अडकली होती.

उत्तमनं कमरेला दोर बांधला आणि नानांचा घड कापायचा विळा घेतला.

"मी उतरतो," मी म्हणालो.

"साब, बोट कोण चालवणार?" एवढं म्हणून तो पाण्यात गेला.

त्यानं श्वास घेत, बुडत, पुन्हा वर येत नळ्या कापल्या. तुकडे वाहून जाताना दिसत होते. शेवटी त्यानं विळा आमच्याकडे फेकला आणि अंगठा वर केला. जवान दोर ओढायला लागले. तेवढ्यात मुळासकट उपटलेलं एक झाड आलं. ते लाँचच्या कडेला घासून गेलं. दोर हातात सैल आला. टोक तुटलेलं होतं.

आम्ही हाका मारल्या. पाण्यावर काहीच दिसलं नाही.

मी वायरलेस उचलला. "मॅन ओव्हरबोर्ड, आमचा माणूस वाहून गेला. दुसरी बोट खालच्या बाजूला पाठवा. ओव्हर."

"पाठवतो. तुम्ही गच्चीवरचे लोक घ्या. ओव्हर."

गच्चीवरच्या लोकांच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. मी इंजिन सुरू करून लाँच वळवली. ती ऑर्डर होती आणि ती बरोबर होती. तरी ते वळण आजही अंगात आहे. बसलो की तेच आठवतं, म्हणून मी बसत नाही.

गच्चीवरचे सगळे आले. अक्का शेवटी चढली. लाँचमध्ये आल्या आल्या तिनं विचारलं, "एवढे गप काऊन?" एका जवानानं तुटलेला दोर गुंडाळून ठेवला. परतीच्या वाटेवर ग्लँडमधून पाणी पडत होतं, आणि नाना त्याकडे पाहत रडत होते.

उत्तम सापडला तो खाली, पाणी ओसरल्यावर. त्याच्या गावी तोफगाड्यावरून नाही, ट्रॅक्टरवरून नेला. सलामी दिली. आम्ही निघालो तरी नाना मागे राहिले. उत्तमच्या आईसमोर बसून त्यांनी नट कुणी आवळला ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्या माउलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमनी अक्का घर वनी ना?" घरी आली, नाना म्हणाले. "मंग मना उत्तमनं काम व्हयनं."

उत्तमचं काम झालं असं ती म्हणाली, हे नानांनी नंतर मला सांगितलं तेव्हा माझा राग गेला. बेचैनी गेली नाही.

आता दर पावसाळ्याआधी मी रावेरला जातो. फळी उचलून आधी नाक आत घालतो. जाळी, होज, पट्टा, तेल, उत्तमच्या क्रमानं सगळं पाहतो. मग इंजिन सुरू करतो. ग्लँड मात्र मी पाहत नाही. तिथे नाना बसतात. गुडघे दुखतात तरी टॉर्च घेऊन तळाशी वाकतात आणि वाट पाहतात. मी श्वास धरून उभा असतो.

मग खालून त्यांचा आवाज येतो. तो माझ्यासाठी नसतो.

"उत्तमभाऊ, थेंब पडला."